चहा करता येतो, सबब मदत बंद

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
(बिल्डिंगचा नंबर मुद्दाम लिहीत नाही. इथे त्याने फारसा फरक पडत नाही, का ते पुढे येईल.)

तीर्थरूप बापूमामा यांस,

बार्शीच्या दिशेला तोंड करून (इथून ती कुठल्या अंगाला येते ते फोनवर बघून घेतलं, फ्रिजच्या मागे येते) तुमच्या भाच्याचा, म्हणजे सुजीतचा, वाकून नमस्कार. मामींनाही तेवढाच वाकून. तुमची शुगर, मामींचा गुडघा आणि शेजारच्या अण्णांची जीभ, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. माझं म्हणाल तर ठीक आहे. वजन चार किलो वाढलंय. ते सुखाचं नाही, चहाचं आहे.

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणजे पोराने पैसे मागितले असणार, असं तुम्ही पाकीट न फोडताच मामींना म्हणाला असाल. पैसे मागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही लिहिलं, तर आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी 'शुभ सकाळ' टाकलं तरी पाच मिनिटांत आईचा फोन येतो की आता काय केलंस. कोणीतरी तिला माझं वाचून दाखवतंय. कोण, ते मला ठाऊक आहे, पण पुरावा नाही. म्हणून हे पत्र विल्फ्रेडच्या हाती देतोय. विल्फ्रेड वसईचा, उम्म अल कुवैनला एका हॉटेलात भटारखाना सांभाळतो, आणि मी जबल अलीच्या गोदामातलं काम सोडल्यावर (ती वेगळी गोष्ट आहे, त्यात चूक फोर्कलिफ्टची होती) त्याच्याकडेच दीड महिना पडून होतो. तो सुट्टीवर घरी चाललाय, तिथून कुरिअर करेल. पाकिटाला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे. पट्टी उचकटलेली दिसली तर कळवा. विल्फ्रेडवर माझा संशय नाही. पण त्याची बायको सुझी फार चौकस आहे.

तर सांगायचं म्हणजे मला नोकरी लागली आहे. इथे मराठी ज्येष्ठांसाठी एक परिषद आहे, सगळे तिला कौन्सिल म्हणतात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे आणि दिवसा बघायला कोणी नाही, अशा घरात कौन्सिल आपल्या खर्चाने 'सोबती' पाठवतं. त्यातला एक सोबती मी. (हसू नका. विल्फ्रेडही हसला होता, त्याच्या हातातली कढई पडली.) माझ्याकडे राजाभाऊ आहेत. वय एकोणऐंशी, नाशिकचे, एकतीस वर्षं सरकारी विश्रामगृहाचे व्यवस्थापक. मंत्री, कलेक्टर, जंगलखात्याचे साहेब, सगळ्यांना त्यांनी दारात उभं राहून घेतलंय आणि दारापर्यंत सोडलंय. आता ते मुलीकडे, इथेच डिस्कव्हरी गार्डन्समध्ये असतात (हे पत्र त्यांच्याच किचनमध्ये बसून लिहितोय). मुलगी शुभ्राताई, जबल अलीच्या फ्री झोनमध्ये एका शिपिंग कंपनीत आहे. जावई मस्कतला, महिन्यातून दोनदा येतात. नात अवनी अकरा वर्षांची, तिच्याशी आपण मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरचा करार आहे.

पहिल्या दिवसापासून मला या घरात काहीतरी गडबड वाटत होती. एक तर राजाभाऊंना काहीही झालेलं दिसत नव्हतं. ताठ चालायचे, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. अशा माणसाला सोबती कशाला? मला वाटलं, शुभ्राताईंनी मला म्हाताऱ्यावर पाळत ठेवायला ठेवलंय. मग वाटलं, म्हाताऱ्याला माझ्यावर ठेवलंय. छताला एक पांढरी गोल वस्तू होती, मधे लाल दिवा, दर मिनिटाला एकदा डोळा मिचकावायची. मी दुसऱ्याच दिवशी स्टुलावर चढून तिच्यावर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली. (हे लक्षात ठेवून लिहीत नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.) आणि तिसरं म्हणजे टोमणा. मी सकाळी आठला पोचायचो. दारात पाऊल ठेवलं की राजाभाऊ उठून उभे राहायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "अरे वा! कधी आलात? बसा, चहा टाकतो." आता रोज येणाऱ्या नोकरमाणसाला 'कधी आलात' म्हणजे काय? उशीर झाला, हेच ना? जुने अधिकारी असेच बोलतात, गोड. मी पावणेआठला यायला लागलो. तरी तेच. साडेसातला आलो. तेच. शेवटी मी पहिल्या मेट्रोने पावणेसातला पोचायला लागलो, शुभ्राताई अजून दात घासतायत, आणि राजाभाऊ दारात हात जोडून, "अरे वा! कधी आलात?" मामा, मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन आरशात स्वतःला शिवी दिली. बाहेर आलो तर पुन्हा, "अरे वा! कधी आलात?"

चहा मात्र फर्स्टक्लास. आलं ठेचून, गॅलरीतल्या कुंडीतली गवती चहाची पात कात्रीने कापून, उकळी किती वेळा वर आणायची ते ठरलेलं. आग्रहही तसाच. अर्ध्या तासाने दुसरा, मग तिसरा. आपल्याकडे 'नको' म्हटलं म्हणजे 'घाला' असंच धरतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. विश्रामगृहाचा माणूस, घालतोय चहा. मी पीत गेलो.

आता कौन्सिलचं ऐका. आधी नियम सोपा होता. वय सत्तरच्या वर, घरी दिवसा कोणी नाही, की सोबती मिळाला. जानेवारीत एक परिपत्रक आलं. अर्ज वाढले, निधी तेवढाच, म्हणून यापुढे 'गरज-तपासणी' होईल. दहा कामांची यादी. प्रत्येकापुढे 'येते' किंवा 'येत नाही'. किमान चार 'येत नाही' असतील तरच सोबती चालू, नाहीतर पंधरा दिवसांत बंद. हे वाचल्यावर मला पहिला संशय आला की वाचलेले पैसे स्नेहसंमेलनाच्या ऑर्केस्ट्राला जाणार आहेत. (गेल्या वर्षी पुण्याहून अकरा माणसं आणली होती, त्यातली दोन नुसती टाळ्या वाजवायला.) शुभ्राताईंनी रात्री हिशोब मांडला. सोबती स्वतः ठेवायचा तर अठ्ठावीसशे दिरहम, म्हणजे पासष्ट हजार रुपये, दर महिन्याला. घराचं भाडं आणि अवनीची फी गेल्यावर ते कुठून येणार? नोकरी सोडायची तर व्हिसाच नोकरीवर. उरलं काय, तर बाबांना नाशिकला पाठवायचं. तिथला फ्लॅट सहा वर्षं बंद आहे, सकाळ-संध्याकाळ एक बाई येईल, मधल्या वेळात ते आणि भिंती. ताई हे सगळं भांडी लावता लावता अगदी ऑफिसच्या आवाजात बोलल्या, म्हणून मला आणखीच कसंतरी झालं.

मग मी राजाभाऊंची तयारी करून घ्यायला बसलो. म्हटलं, काका, गुरुवारी एक बाई येतील, त्या आल्या की उठायचं नाही. "बरं." त्यांनी काही विचारलं की 'येत नाही' म्हणायचं. "बरं." किचनकडे तर बघायचंसुद्धा नाही. "बरं, बरं. तुम्ही चहा घेणार ना?" मी रोज शिकवायचो, ते रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं मन लावून ऐकायचे. मला वाटायचं, काय शिस्त आहे माणसाला!

गुरुवारी बेल वाजली. मृणालिनी मॅडम म्हणून कौन्सिलच्या तपासनीस, कॉटनची साडी, छातीशी फाइल. मी दार उघडायच्या आत राजाभाऊ दारात! इस्त्रीचा शर्ट कधी बदलला देव जाणे. हात जोडून, "अरे वा! कधी आलात? प्रवासात त्रास नाही ना झाला? बसा, चहा टाकतो." मी मागून त्यांचा शर्ट ओढला. त्यांना वाटलं, पाहुण्यांची बॅग घे म्हणतोय. त्यांनी मलाच खूण केली, बॅग घे. मॅडमनी चहा घेतला आणि प्रश्न सुरू केले.

"आंघोळ स्वतः करता का?"

"अहो, मग काय मंत्री येऊन घालतात?"

आता मामा, खरं सांगतो. मी रोज बाथरूमबाहेर स्टुलावर बसून ओरडतो, काका आता साबण, काका आता तांब्या, काका आता नळ बंद. नाहीतर ते कोरडेच बाहेर येतात, टॉवेल गुंडाळून. पण परक्या बाईसमोर, मला आंघोळीला माणूस लागतो, असं कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल? औषधं वेळेवर घेता का, तर "घड्याळ लावून घ्या." (गोळ्या मी त्यांच्या तळहातावर ठेवतो आणि गिळेपर्यंत हलत नाही.) प्रत्येक उत्तराला मॅडमचं पेन 'येते'वर टिक करत होतं आणि मी मागे उभा राहून 'नाही, नाही' अशी मान हलवत होतो. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, ही बाईसुद्धा माझ्यासारखीच आहे, हिला कोणाचाच भरवसा नाही. तिला वाटलं, मी माझी नोकरी वाचवतोय. जे अर्धं खरं होतं.

मग मॅडम बाथरूममधला धरायचा दांडा तपासायला आत गेल्या. तीन मिनिटांनी बाहेर आल्या. राजाभाऊ उठून उभे. "अरे वा! कधी आलात? प्रवासात त्रास नाही ना झाला?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, काका विनोदी आहेत. दुसरा चहा आला, तो घ्यावा लागला. मग त्या गॅलरीत फोन घ्यायला गेल्या, परत आल्या, तिसरा चहा. "अहो, इतका आग्रह!" म्हणत त्यांनी तोही घेतला, कारण कुठली मराठी बाई म्हाताऱ्या माणसाने स्वतः केलेला चहा परत करेल? शेवटी एकच 'येत नाही' मिळालं, लिफ्टचं. तेही माझ्या कृपेने, कारण या लिफ्टच्या आवाजावर माझा विश्वास नाही आणि मी त्यांना जिन्यानेच नेतो.

आठ दिवसांनी मेल आला. शुभ्राताईंनी तो कंपनीच्या बसमध्ये वाचला आणि मला पाठवला. त्यातलं एक वाक्य पाठच झालंय. "अर्जदार स्वावलंबी असून संवाद, आदरातिथ्य व चहा यांत विशेष सक्षम आढळले, सबब साहाय्य बंद करण्यात येत आहे." महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. त्यात अपील करण्याची सोय होती. ताईंनी अपील केलं आणि त्याच संध्याकाळी नाशिकच्या तिकिटाची चौकशीही केली. राजाभाऊंना विचारलं, बाबा, नाशिकला जायचं का? ते म्हणाले, "जाऊ की. तुझी आई वाट बघत असेल." शुभ्राताईंच्या आईला जाऊन सात वर्षं झाली. ताई उठून आत गेल्या. मला वाटलं, म्हातारा फिरकी घेतोय. मी तसं अवनीला म्हणालोसुद्धा, आजोबा भारी जोक करतात हं. ती आयपॅडवरून मान वर न करता म्हणाली, "ही इज नॉट जोकिंग, सुजीतदादा. ही डझन्ट नो यू. एव्हरी इव्हनिंग ही आस्क्स मी हू दॅट नाइस बॉय वॉज."

मामा, मी सात महिने या घरात येतोय. मी छतावरच्या दिव्यावर, लिफ्टवर, ऑर्केस्ट्रावर, सगळ्यांवर संशय घेतला. आणि हे मला एका पोरीने आयपॅड खेळता खेळता सांगावं! त्या रात्री मी मेट्रोत माझं स्टेशन चुकलो. (तसा मी एरवीही चुकतो, पण त्या दिवशी कारण होतं.)

आता पुढची गोष्ट तुम्ही मामींना वाचून दाखवू नका. अपिलाच्या आदल्या मंगळवारी मी दूध आणायला खाली उतरलो. दोन मिनिटांचं काम. खाली एक माणूस एसीत गॅस भरत होता, आणि तुम्हाला माहीत आहे, मी आयटीआयला रेफ्रिजरेशनच करत होतो, सोडलं नसतं तर आज माझं दुकान असतं. तो व्हॉल्व्ह चुकीचा लावत होता. मी सांगितलं. तो म्हणाला, हबीबी, अपना काम करो. त्यावरून बोलणं वाढलं, मग तो मलप्पुरमचा निघाला, मग त्याने मला त्याच्या गावच्या बोटींच्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. मी वर गेलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. दार सताड उघडं, गॅस चालू, त्यावर पातेलं, पातेल्यातला चहा आटून कोळसा, घरभर धूर. राजाभाऊ गायब. आणि ती छतावरची गोल वस्तू धूर ओळखणारी निघाली. ती बिचारी टोपीच्या आत गप्प.

टोपी काढली, तेव्हा ती बोंबलायला लागली. गॅस बंद केला आणि धावलो. मामा, या वस्तीतल्या बिल्डिंगी इतक्या सारख्या आहेत, की तोच रंग, तोच जिना, तेच चपलांचं कपाट. मी एकोणीस बिल्डिंगींचे जिने चढलो-उतरलो. कडुलिंबाखाली माळी बसले होते, त्यांना विचारलं, इस्त्रीवाला बुढ्ढा देखा? विसाव्या बिल्डिंगीत, आमच्याच मजल्यावर, आमच्याच जागी असलेल्या फ्लॅटचं दार उघडं. ती बॅचलर मुलांची खोली होती, आठ जण पाळीपाळीने झोपतात, त्यामुळे दार कायम लोटलेलंच. आत किचनमध्ये राजाभाऊ चहा गाळत होते. समोर लुंगीवर एक दाढीवाला तरुण अंग चोरून बसला होता. अर्सलान त्याचं नाव, सियालकोटचा, गोदामात रात्रपाळी करून झोपला होता. म्हणाला, "भाई, आँख खुली तो चाचा किचन में. मुझे देख के बोले, कब आए, बैठो, चाय बनाता हूँ. मैं बैठ गया. मैं समझा कंपनी ने नया रूममेट डाल दिया." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तीसरा कप है. मना कैसे करूँ?"

मी राजाभाऊंचा हात धरला. ते माझ्याकडे बघून हसले आणि अर्सलानला म्हणाले, "हे पण आलेत बघा. यांनाही द्या." मी तिथेच खाली बसलो. चहा घेतला.

शुभ्राताईंना पातेलं लपवूनही वास आलाच. मी सगळं सांगितलं, टोपीसकट. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडून घ्यायची सवय आहे. नुसतं म्हणाल्या, "अपिलाला अर्सलानला आणशील?"

अपील दुबईच्या करामा भागातल्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत होतं. अध्यक्ष, मृणालिनी मॅडम आणि आणखी तिघं लांब टेबलामागे. आम्ही आत गेलो आणि राजाभाऊंनी टेबलाला वळसा घालून पाचही जणांना एकेक करून नमस्कार केला. "अरे वा! कधी आलात? प्रवासात त्रास नाही ना झाला?" अध्यक्ष खूश. ते म्हणाले, हे तर आमचंच स्वागत करतायत! अर्सलानने साक्ष दिली. (आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता, रात्रपाळीनंतरची झोप मोडून.) अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अनोळखी स्वयंपाकघरातही त्यांना चहा करता येतो. ही तर जास्तीची क्षमता झाली." शुभ्राताईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

मग वेटर समोसे घेऊन आला म्हणून पाच मिनिटं मंडळी बाहेर गेली आणि परत येऊन बसली. राजाभाऊ उठले. टेबलाला वळसा. "अरे वा! कधी आलात? प्रवासात त्रास नाही ना झाला?" पाचही जणांना, त्याच क्रमाने, तितक्याच आनंदाने. दोघं हसले. अध्यक्ष म्हणाले, काका मूडमध्ये आहेत. काम पुढे सुरू झालं, नियम क्रमांक सहा, पोटनियम दोन. मधेच मृणालिनी मॅडम पेन खाली ठेवून उठल्या, खोलीबाहेर गेल्या, दार लावलं, आणि दहा मोजेपर्यंत थांबून परत आत आल्या. राजाभाऊ उभे. हात जोडलेले. "अरे वा! कधी आलात?"

या वेळी कोणी हसलं नाही. मॅडम दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आत्ताच आले काका. काही त्रास झाला नाही." मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "मी त्या दिवशी तीन चहा प्यायले. फॉर्मवर 'येते' लिहिलं. किती वेळा, ते लिहायला रकानाच नव्हता."

मंजूर झालं, मामा. राजाभाऊंची मदत चालू राहणार, यादीत अकरावा प्रश्नही घालणार. शुभ्राताईंनी तिकिटाचं बुकिंग तिथल्या तिथे फोनवरून रद्द केलं. मी अर्सलानला मिठी मारली. खलास, सुटलो, असं म्हणेपर्यंत अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि अर्सलानला विचारलं, "बेटा, चाचा तुम्हारे यहाँ कितनी देर थे? उस वक्त सोबती कहाँ था?" अर्सलान प्रामाणिक माणूस. म्हणाला, "तीन कप तक तो अकेले ही थे जी."

आता नियम बदलायला कौन्सिलला किती वेळ लागतो, तुम्हीच बघा. समोसे गार व्हायच्या आत नवीन नियम झाला. यापुढे सोबती कोणीही चालणार नाही. त्याने घरच्या आजारी माणसाची किमान सहा महिने सेवा केलेली असली पाहिजे, आणि तसा दाखला, त्या आजारी माणसाच्या सहीचा, महिनाअखेरपर्यंत द्यायचा. तोवर मी आहे. नंतर नाही. दुसरा सोबती दिवाळीपर्यंत मोकळा नाही, आणि तोवर ताईंची रजा पुरत नाही, म्हणजे पुन्हा नाशिक. आणि दुसरा मिळाला तरी, राजाभाऊ त्यालाही उठून हात जोडतील, तितक्याच प्रेमाने. त्यांना माणूस बदललेला कळणारही नाही. हे मला जरा लागतं. का लागतं ते विचारू नका, मी पगारी माणूस आहे.

मामींना नमस्कार. अण्णांना काही सांगू नका.

तुमचा भाचा,
सुजीत

ता. क. १ : सोबत एक कागद जोडला आहे. 'श्री. सुजीत यांनी माझ्या आजारपणात माझी सेवा केली' असा मजकूर आहे. खाली तुमची सही पाहिजे. सही डाव्या हाताने केलीत तरी चालते, मी विचारून घेतलंय.

ता. क. २ : तुम्ही म्हणाल, सेवा कधी केली? तुम्हाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा आईने मला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, ते मला आठवतं. बाराव्या दिवशी मेडिकलमधून गोळ्या घेऊन येतो म्हणून गेलो आणि स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती, तेही आठवतं. तुम्ही त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीत. आईलाही सांगितलं नाहीत. त्याचा मला बरीच वर्षं संशय आहे, की का नाही सांगितलं. गोळ्या मी घेतल्या होत्या, मामा. त्या पुण्यात बॅगेत सापडल्या.

ता. क. ३ : दाखल्यात महिन्यांचा आकडा मोकळा ठेवला आहे. आधी पेन्सिलने मीच सहा लिहिला होता, मग खोडला, मग लिहिला, मग परत खोडला. तुम्हाला आठवेल तो आकडा भरा. अकरा दिवस लिहायचे असतील तर तेच लिहा, मी तोच कागद कौन्सिलला देईन. फक्त त्या जागी कागद खोडून खोडून पातळ झालाय, पेन हळू टेकवा.